पडदा, दाई आणि दवाखाना

आमच्या नानीची सातही बाळंतपणे घरात झाली. कुडाच्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात, मोहल्ल्यातल्या दाईअम्माच्या हातून. सातांपैकी पाच मुले जगली. जी गेली त्यांच्याविषयी नानी फार बोलत नसे. "अल्लाह की अमानत थी, उस ने ले ली," एवढे म्हणून ती तांदूळ निवडायला घ्यायची. अम्मीची पहिली दोन बाळंतपणेही घरीच झाली. तिसरे अपत्य म्हणजे आम्ही. आमच्या वेळी कळा अडल्या, तेव्हा अब्बांनी टांगा आणला आणि अम्मीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. म्हणजे आमच्या घराण्यात दवाखान्यात जन्मलेले पहिले माणूस आम्हीच.

२००९ साली आमच्या आपाचे पहिले बाळंतपण होते. तोवर काळ बदलला होता. आशाताई घरी येऊन नाव नोंदवून गेल्या होत्या. गाडीही वेळेवर आली. आपाला एका सरकारी दवाखान्यात नेले. तिथे व्हरांड्यातच तिला बुरखा काढायला सांगितले. समोर बाकांवर परके पुरुष बसलेले होते. आपा घुटमळली, तर एक बाई ओरडल्या, "इथं आलं की लाज घरी ठेवायची." मग टेबलावर कागद भरताना त्यांनी विचारले, "हे कितवं? तुमच्यात काय मोजत नाहीत म्हणा." आपाचे ते पहिलेच होते. ती काही बोलली नाही. त्याच वेळी तिथल्या एका म्हाताऱ्या आयाबाईने आपल्या अंगावरची शाल काढली, आपाभोवती धरली आणि म्हणाली, "घाबरू नको बाय, मी हाय." बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पण दुसऱ्या खेपेला आपा दवाखान्यात जायला तयार होईना. अम्मीने आणि आम्ही चार दिवस समजूत घातली तेव्हा ती गाडीत बसली.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शिक्षकांच्या बैठकांतून, प्रवासात आणि कधी कधी आपल्याच शिकलेल्या माणसांकडूनही एक वाक्य आम्ही वारंवार ऐकत आलो आहोत : "मुसलमान बायका पडद्यामुळे दवाखान्यात जात नाहीत." या वाक्यात तथ्य किती, हे पाहावे म्हणून आम्ही मागे वळून इतिहास चाळला. त्यात जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

दाईचा मान

सुरुवात दाईपासून करायला हवी, कारण हजारो वर्षे बाळंतपणाचे सारे ज्ञान तिच्याच हाती होते. इस्लामी परंपरेत तिला हलके मानलेले नाही. चौदाव्या शतकातला थोर इतिहासकार इब्ने खल्दून याने १३७७ मध्ये 'मुकद्दमा' लिहिला. समाजशास्त्राचा पाया घालणारा ग्रंथ म्हणून आज जग त्याला ओळखते. त्या ग्रंथात सुतारकाम, विणकाम, वैद्यक अशा हुन्नरांवर प्रकरणे आहेत आणि त्यांच्याच रांगेत दाईच्या हुन्नरावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. माणसाच्या वस्तीला हा हुन्नर अटळ आहे आणि तो बहुतेक बायकांचाच आहे, असे तो सांगतो. दूध तुटेपर्यंत तान्ह्या बाळाची दुखणी कुशल हकिमापेक्षा दाईलाच अधिक कळतात, अशी कबुलीही देतो. हनफी फिकहमध्ये जन्माच्या बाबतीत एकट्या दाईची साक्षही ग्राह्य मानली आहे, कारण जिथे पुरुषाची नजर पोहोचत नाही तिथे तीच जाणकार असते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. बाळंत होणाऱ्या बाईची लाज राखणे आणि तिच्यावर जाणत्या हाताने उपचार होणे, या दोन गोष्टी आपल्या परंपरेने एकमेकींच्या विरोधात कधीच उभ्या केल्या नव्हत्या. त्या एकाच बाईच्या, म्हणजे दाईच्या ठायी एकत्र होत्या. इंग्रजी दवाखाना आला आणि या दोन गोष्टींची फारकत झाली. जाणता हात पुरुष डॉक्टरचा झाला, आणि लाज घरात राहिली.

मुंबईतला प्रयोग

ही फारकत मिटवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच मुंबईत झाला. १८८२-८३ च्या सुमारास जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी सुधारक यांनी एक निधी उभारला. हिंदुस्थानातल्या बायकांसाठी बायकाच डॉक्टर विलायतेहून आणाव्यात, इथल्या मुलींना वैद्यक शिकवावे आणि बायका-मुलांसाठी वेगळे रुग्णालय काढावे, असा त्यांचा बेत होता. १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार मुलींसाठी उघडले. त्याच वर्षी पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून नव्या रुग्णालयाचा पाया घातला गेला आणि १८८६ मध्ये ते सुरू झाले. तेच आजचे कामा रुग्णालय. रुग्णालय बायकांच्याच हाती असावे, ही त्यामागची अट होती. पुढे बमनजी एदलजी ऑल्ब्लेस यांच्या नावाचे प्रसूतिगृह त्याला जोडले गेले. आणि आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, या रुग्णालयाच्या जोडीने बायका-मुलांसाठी जो बाह्य दवाखाना चालला तो जाफर सुलेमान यांच्या नावाचा होता. पारशी, हिंदू, मुसलमान आणि गोरे असे सगळे या एका कामात होते.

रुग्णालयाची सूत्रे घ्यायला १८८३ च्या अखेरीस डॉ. एडिथ पीची मुंबईला आल्या. त्यांची कहाणीही सांगण्याजोगी आहे. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात शिरलेल्या पहिल्या काही विद्यार्थिनींपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या पुरुषांच्याही पुढे गेल्या, तरी त्यांच्या हक्काची शिष्यवृत्ती एका मुलाला दिली गेली. म्हणजे ज्या इंग्रजांनी पडद्यात कोंडलेल्या हिंदी बाईची कीव केली, त्यांच्याच देशात बाईला डॉक्टर होण्यासाठी झगडावे लागत होते. मुंबईत आल्यावर पीचींनी बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळावा म्हणून आवाज उठवला.

या दवाखान्यांत बायका आल्या. हिंदू आल्या, पारशी आल्या, बुरखेवाल्याही आल्या. पडदा तर काल होता तसाच आज होता. मग बदलले काय? बदलला तो दवाखाना. तपासणारा हात बाईचा झाला, आणि उंबरठा आपोआप ओलांडला गेला.

याच काळात आपल्या दोन मराठी मुलींनी हीच वाट धरली. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. नीट उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, हे दुःख उराशी धरून त्या अमेरिकेला गेल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावरच. १८८७ मध्ये त्या क्षयाने गेल्या. दुसऱ्या रखमाबाई. नको असलेल्या बालविवाहाविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आल्या. थोडा काळ कामा रुग्णालयात काढून त्या सुरतेला गेल्या आणि पुढे राजकोटला. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. बायका बाळंतपणासाठी दवाखान्यात यायला घाबरत होत्या, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी आणून दवाखान्यात तिची सुटका केली आणि सगळ्यांना ती दाखवली. बायकांनी पाहिले की शेळी आणि करडू दोन्ही जिवंत बाहेर आली. मग त्या येऊ लागल्या. गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, तिच्यातला धडा खरा आहे. भीती असलेल्या माणसाला आपण दोष देत बसलो तर तो येत नाही. त्याचा विश्वास मिळवावा लागतो.

जनाना रुग्णालये आणि त्यांची मर्यादा

मुंबईच्या प्रयोगानंतर देशभर लाट आली. १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरीन यांच्या पत्नीने निधी स्थापला आणि गावोगाव लेडी डफरीन रुग्णालये, जनाना रुग्णालये निघाली. त्यांत पडद्याची सोय होती. पुरुषांना आत मज्जाव होता. भोपाळमध्ये बेगमांच्या राजवटीत लेडी लॅन्सडाउन यांच्या नावाने बायकांचे रुग्णालय उभे राहिले. १९०१ ते १९२६ राज्य करणाऱ्या सुलतान जहाँ बेगम यांनी दायांना शिकवून तयार करण्यावर भर दिला. या बेगम स्वतः बुरखा घालत आणि त्याच पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी १९०९ मध्ये आपल्या तिब्बी मदरशाला जोडून बायकांचा वेगळा मदरसा काढला. तिथे पडद्याची व्यवस्था ठेवून दायांना शिकवले जाई. आपल्या मराठवाड्यावर तेव्हा निजामाचे राज्य होते. त्या हैदराबादेत तर १८४६ च्या वैद्यक शाळेत उर्दूतून डॉक्टरी शिकवायला सुरुवात झाली होती, आणि पुढे उस्मानिया विद्यापीठानेही वैद्यक उर्दूतूनच शिकवले. दवाखान्याची भाषा रुग्णाच्या भाषेजवळ यावी, ही गोष्ट तेव्हा अशक्य वाटली नव्हती.

पण या साऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डफरीन निधीच्या डोळ्यांपुढे जी बाई होती ती हवेलीतली, मखमली पडद्यामागची बेगम. आपल्या समाजातल्या बहुसंख्य बायका तशा नव्हत्या. त्या मागावर नळ्या भरत, विड्या वळत, शेतात राबत. त्यांची अडचण पडद्यापेक्षा वेगळी होती. दवाखाना लांब, पैसा नाही, घरी दुसरी लहान मुले, आणि एका दिवसाची मजुरी बुडाली की चूल थंड. 'पडदानशीन' हा एकच शब्द सगळ्या मुसलमान बायकांना लावल्याने या अडचणी कोणाला दिसल्याच नाहीत. आजही दिसत नाहीत, असे आम्हाला वाटते.

दोष कोणत्या हाताचा

दाईकडेही याच काळात वाकडी नजर वळली. घाणेरडी, अडाणी, बाळघातकी अशी तिची चित्रे रंगवली गेली. त्यात खोटे सगळेच नव्हते. गंजलेल्या विळ्याने नाळ कापली जाई, वर राख लावली जाई, आणि आठवड्याच्या आत धनुर्वाताने बाळ जाई. आमच्या नानीची दोन मुले अशीच गेली असावीत. कोणी लिहून ठेवले नाही म्हणून खात्रीने सांगता येत नाही. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ च्या सुमारास दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी निघाला तो याच कारणाने. पण दाई शिकायला येईना, कारण शिकायला आली की त्या दिवसाची कमाई जाई. शेवटी तिला विद्यावेतन द्यावे लागले.

आता युरोपातली एक गोष्ट पाहू. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस काम करत होते. तिथे बाळंतिणींचे दोन कक्ष होते. एकात शिकाऊ डॉक्टर बाळंतपण करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. बायका रडून विनवत की आम्हाला सुइणींच्या कक्षात घ्या. सेमेलवाइस यांनी शोधून काढले की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत आहेत. त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे जीव घेत होता तो न धुतलेला हात. तो अशिक्षित दाईचा असू शकतो, तसा कोटवाल्या डॉक्टरचाही असू शकतो. ज्या हाताला साबण आणि शिक्षण मिळाले तो सुधारला. आपल्याकडे मात्र दाईला दोष भरपूर मिळाला आणि शिक्षण थोडे.

प्लेगचा धडा

बाईची लाज न राखता वैद्यक लादले तर काय होते, हेही मुंबईने पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरण्याचे अधिकार दिले. पुण्यात रँडच्या अंमलात गोरे सोजीर स्वयंपाकघरापर्यंत गेले. मुंबईत गिरणी कामगारांनी १८९६ मध्येच आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. ९ मार्च १८९८ रोजी जुलाह्यांच्या, म्हणजे आपल्या मोमीन विणकरांच्या वस्तीत प्लेगचे पथक एका आजारी मुलीला तपासून न्यायला आले. लोकांनी अडवले, आणि त्यातून दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसे मेली.

हे विणकर अडाणी होते, असे तेव्हा लिहिले गेले. पण बारा वर्षे आधी त्याच शहरात मुसलमान बायका आपण होऊन दवाखान्यात जात होत्या, हे लिहिणारे विसरले. पुढे सरकारने नमते घेतले. निरनिराळ्या जमातींना आपापली प्लेग रुग्णालये काढू दिली, तपासणीसाठी बायका नेमल्या, आणि विरोध निवळू लागला. आपल्या बाजूनेही शहाणपण दाखवणारे होते. तिसऱ्या आगाखानांनी लोकांची भीती जावी म्हणून चारचौघांसमोर प्लेगची लस टोचून घेतली. दोन्ही बाजू एकेक पाऊल पुढे आल्या तेव्हाच रस्ता निघाला.

मजूर बाईचा हक्क

समतेचा प्रश्न नुसत्या पडद्याने सुटत नाही, हे सर्वांत आधी स्वच्छ मांडले ते गिरणगावाच्या संदर्भात. बायका नवव्या महिन्यापर्यंत साच्यावर उभ्या राहत आणि बाळंत झाल्यावर काही दिवसांतच परत कामाला लागत. कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफूची गोळी देऊन झोपवण्याची चाल सर्रास होती. हिंदू, मुसलमान, दलित, सगळ्यांच्या घरी हेच. १९२६ मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले ते या कष्टकरी बायकांच्या वस्तीत. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतीच्या रजेचे आणि भत्त्याचे विधेयक आले. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी-नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला तो असा पहिला कायदा. साऱ्या देशाचा कायदा यायला १९६१ उजाडले.

पण कायद्याचे पांघरूण गिरणीच्या दारापर्यंतच पुरले. घरात बसून नळ्या भरणारी, विडी वळणारी, चिकनकाम किंवा गोधड्या शिवणारी आपली बाई त्यात आली नाही. तिला मालक नव्हता, हजेरीपट नव्हता. त्यामुळे रजाही नव्हती.

आजचा हिशोब

आता आजचे पाहू. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. आशा सेविका वस्तीत फिरू लागल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, औषधे आणि ने-आणीची गाडी मोफत झाली. परिणाम मोठा आहे. २००५-०६ मध्ये देशात सुमारे ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या घरात गेले. महाराष्ट्रात ते सुमारे ९५ टक्के आहे. दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात २००४-०६ मध्ये २५४ माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, आणि महाराष्ट्रात ३३ वर.

या आकड्यांत मुसलमान बायकाही आहेत. शंभरातल्या पंचाण्णव बायका दवाखान्यात जात असतील, तर "पडद्यामुळे जात नाहीत" हे वाक्य आता बाद झाले पाहिजे. "तुमच्यात मोजत नाहीत" हे वाक्यही बाद झाले पाहिजे. १९९२-९३ मध्ये मुसलमान बाईमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये २.४ झाली. घट इतर समाजांपेक्षा उशिरा सुरू झाली, पण वेगाने झाली. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने तर आणखी एक गोष्ट नोंदवली. गरिबी आणि अशिक्षितपणा असूनही मुसलमानांमध्ये बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी होते. ज्या आईला आपण अडाणी म्हणतो तिने आपली लेकरे जगवली, याची दखल कोणीतरी घ्यायला हवी.

बाई दवाखान्यापर्यंत पोहोचली. आता प्रश्न आहे तो दवाखाना तिला कसा घेतो हा. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सूचना काढली की बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवण्याची मुभा असावी. २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्षात बाईला सन्मानाने वागवण्यावर भर दिला गेला. कागदावर हे सारे आहे. यासाठी बुरख्याचा वेगळा कायदा नको, मुसलमानांसाठी वेगळा वॉर्ड तर मुळीच नको. तपासताना एक पडदा ओढावा, शक्यतो बाईने तपासावे, सोबत आईला किंवा सासूला राहू द्यावे, आणि टोमणा मारू नये. एवढ्यात आपा सुखावली असती. आणि आपाच्या शेजारच्या खाटेवर वाड्यातली, तांड्यावरची जी बाई होती तिलाही नेमके हेच हवे होते. तिलाही त्या दिवशी कोणी सन्मानाने वागवत नव्हते, हे आपानेच आम्हाला सांगितले.

थोडे आपल्याविषयीही

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. पडद्याआडून आपणही पुष्कळ चुका केल्या आहेत. कळा सुरू झाल्यावर मुलीला दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवायला सासऱ्याची, जेठाची वाट पाहणारी घरे आम्हाला माहीत आहेत. सिझेरियन करावे लागले की सुनेला कमकुवत ठरवणारी माणसेही माहीत आहेत. रक्त कमी असताना गोळ्या फेकून देणाऱ्या, आणि पहिल्या बाळंतपणाला वर्ष होत नाही तोच दुसऱ्याची घाई करणाऱ्या घरांचा दोष दवाखान्यावर टाकता येणार नाही. जीव वाचवणे हे शरियतचे पहिले उद्दिष्ट मानले जाते. बाई डॉक्टर नसेल आणि जिवावर बेतले असेल तर पुरुष डॉक्टरकडून उपचार घ्यायला उलेमांनी मुभा दिलेली आहे. हे मशिदीतून, मिलादच्या मजलिशींतून वारंवार सांगितले गेले पाहिजे.

आणि बाई डॉक्टर, बाई नर्स हवी असेल तर ती येणार कोठून? कामा रुग्णालयाच्या वेळी ती विलायतेहून आणावी लागली. आज ती आपल्याच शाळांतून यायला हवी. आमच्या शाळेत सातवीपर्यंत मुली भरपूर असतात. नववी-दहावीत बाके रिकामी होऊ लागतात. मुलींना विज्ञान नको, रात्रपाळीची नोकरी तर मुळीच नको, असे आईबाप सांगतात. आपल्या मुलीच्या बाळंतपणाला बाई हवी, पण ती बाई आपल्या घरातली नको, हा न्याय चालायचा नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच कामा रुग्णालयात हत्यारबंद दहशतवादी शिरले. तेव्हा कामावर असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना एका लहानशा खोलीत नेऊन लपवले. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या. गोळ्यांचा आवाज चालू असताना त्यांनी तिला धरून प्रसूतिकक्षापर्यंत नेले आणि बाळ सुखरूप जन्मले. त्या रात्री त्या वीस जणींना त्यांची नावे, जाती, धर्म कोणी विचारले नाहीत. १८८६ मध्ये त्या इमारतीचे दार ज्या भावनेने उघडले गेले होते, तीच भावना त्या खोलीत जिवंत होती.

आमच्या आपाची ती पहिली मुलगी, जिला दवाखान्यातल्या टोमण्याने जगात घेतले, तिने यंदा नर्सिंगला जायचे ठरवले आहे. तिचे शिक्षण उर्दूतून झाले. दवाखान्यातली मराठी तिला जड जाते. म्हणून रोज संध्याकाळी ती आमच्याकडे वही घेऊन येते. एका बाजूला आम्ही उर्दू शब्द लिहितो, दुसऱ्या बाजूला मराठी. दर्द-ए-जेह म्हणजे कळा. नाफ म्हणजे बेंबी. आँवल म्हणजे वार. परवा तिने विचारले, "खाला, दवाखान्यात बाई आली की पहिल्यांदा काय म्हणायचं?" आम्ही वहीत लिहून दिले : "घाबरू नका." तिने ते वाक्य वाचले, थोडा विचार केला आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात आपल्या अम्मीकडून ऐकलेले पुढचे दोन शब्द लिहिले, "मी आहे."